पाऊणकी

आमच्या गावात शेवटची एसटी संध्याकाळी सातच्या सुमारास येते आणि रात्री तिथेच मुक्काम करते. चालक आणि वाहक देवळाजवळच्या एका खोलीत झोपतात आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी परत निघते. तिला सगळे ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. लहानपणी मे महिन्यात आम्ही याच गाडीने गावात उतरत असू. देवगड तालुक्यातल्या उघड्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या भिंतींमधून, आणि हापूसच्या बागांमधून वळणे घेत ती खाडीकडे उतरू लागली की आई आम्हाला जागे करून चपला घालायला सांगायची. तोवर खिडकीतून खारा वारा आणि त्यातून सुक्या मासळीचा वास आत आलेला असायचा. थांब्यावर कोणी ना कोणी बसलेले असायचेच. बॅटरीच्या उजेडात चेहरा ओळखू आला की विचारणा व्हायची, “कधी इलंस?” गाडीतून उतरताना डोळ्यांनी पाहूनही हे विचारले जाई, कारण त्याचा अर्थ ‘आलीस, बरे झाले’ एवढाच असे. त्याच्या पाठोपाठ येणारा “रवतलंस मा?”, म्हणजे राहशील ना, हा मात्र खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर आमच्या हाती नव्हते. ते वडिलांच्या रजेच्या अर्जात मुंबईतच लिहून झालेले असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडताच आम्हा मुलांना समुद्रावर जायचे असे. परवानगी द्यायची ती आबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने. आबा पडवीत सुंभ वळत बसलेले असत आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी विचारत, “आज तिथ खंयची?” शहरातल्या मुलाला तारीख ठाऊक असते, वार ठाऊक असतो, तिथी फक्त सणाच्या दिवशी कळते. मग आबाच सांगत की आज षष्ठी, म्हणजे साडेचारची भरती, तेव्हा दहानंतर वाळूत खेळायला हरकत नाही, पण दुपारी खाडीच्या तोंडाशी जायचे नाही. मला वाटायचे, आबांना हे समुद्रच येऊन सांगत असणार. पुढे सातवी-आठवीत असताना त्यांनी मला त्यामागचे गणित शिकवले, आणि त्या घराने मला दिलेल्या गोष्टींमध्ये मी ते सगळ्यांत वर ठेवते.

आबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करावे लागत. त्यांतला पाऊणकीचा पाढा त्यांना जन्मभर पुरला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दोन पाऊण दीड, म्हणून द्वितीयेला दीड वाजता भरती. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्ष लागला की प्रतिपदेपासून पुन्हा तीच मोजणी. एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाणी चढते, म्हणून एकच आकडा दोन्हींना चालतो, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, तेव्हा हिशेबात थोडा फरक राहतो. पण आमच्या किनाऱ्यावर तो फार तर अर्धा-पाऊण तासाचा, आणि होडी काढणाऱ्याला किंवा खाडीत उतरणाऱ्या बाईला तेवढे पुरते. पाणी किती चढेल हेही तिथीच सांगते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप वर येते आणि तितकेच दूर मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ते धड वरही येत नाही आणि धड मागेही जात नाही.

हे कळल्यावर मला त्या घराचा दिवस कळू लागला. तोवर मी तो घड्याळाने मोजत होते, आणि म्हणून तो मला विस्कळीत वाटत होता. काकी एखाद्या दिवशी सकाळी आठला चुलीपाशी असे, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी घरात तिचा पत्ता नसे. उधाणाच्या दिवसांत पाणी पहाटे पाच-साडेपाचला सर्वांत खाली जाते, तेव्हा ती अंधारातच टोपली आणि बॅटरी घेऊन शेजारणींबरोबर खाडीत उतरलेली असे. आम्ही उठेपर्यंत ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली परत येई, न्हाणीत जाई आणि मग उकड्या तांदळाची पेज चुलीवर चढवी. दहाच्या सुमारास ओटीवर पेजेच्या थाळ्या येत, सोबत लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा. दिवसभरात घड्याळाप्रमाणे होणारी गोष्ट म्हणजे ही पेज, असे मी म्हणत असे. पण पेजेची वेळसुद्धा खाडीवरून परत आलेल्या बाईच्या भुकेनेच ठरली असावी, असे आता वाटते.

या अनभिज्ञतेतून आमच्या घरात एक सल बरीच वर्षे राहिला. आईचे लग्न झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ती एकटीच, मला कडेवर घेऊन, दुपारच्या गाडीने गावात आली. पत्राने आधी कळवलेले होते. थांब्यावर कोणी आले नव्हते आणि घरी पोहोचली तर पुढचे दार नुसते ओढून घेतलेले. काकी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला गेली होती. ती दोन तासांनी आली, हसून जवळ बसली, मला मांडीवर घेतले. पण आईच्या मनात मोठ्या जावेने आपली वाट पाहिली नाही हे रुतून बसले. मुंबईच्या चाळीत पाहुणा येणार म्हटल्यावर घरची बाई दारात उभी राहते, एवढेच तिला ठाऊक होते. काकीच्या बाजूने पाहिले तर पाहुणी येणार म्हणूनच ती खाडीत गेली होती, कारण त्या दिवसाची ओहोटी गेली असती तर रात्रीच्या जेवणात जावेच्या पानात वाढायला काही नसते. दोघींनी हे एकमेकींना कधीच सांगितले नाही. मी आईला पाऊणकी समजावून सांगितली तेव्हा तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि बराच वेळ ती गप्प राहिली. पुढच्या मे महिन्यात ती काकीसाठी दादरहून दोन सुती लुगडी घेऊन गेली.

पाहुण्यांना काम सांगायचे नाही, हा त्या घराचा कडक नियम होता. आम्ही विहिरीवर गेलो तर कळशी हातातून काढून घेतली जाई, उखडलेले अंगण चोपायला बसलो तर “तुम्ही बसा” म्हणून ओटीवर पाठवले जाई. गाव मात्र हा नियम पाळत नसे. किनाऱ्यावर रापण लागली की दोरीला जो हात लावील तो आपला, मग तो मुंबईचा असो की वाडीतला. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धगोलाकार सोडतात, त्याची दोन टोके किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे माणसांची रांग लागून ते हळूहळू ओढून आणतात. दोन-दोन तास ओढावे लागते. टाचा वाळूत रोवून मागे रेलायचे, पावलापावलाने मागे सरकायचे, मागच्या टोकाला पोहोचले की दोरी सोडून पुन्हा पुढे पाण्यापाशी जायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना पहिल्यांदा शेवटपर्यंत ओढले. तळहात सोलून निघाले होते. जाळे वर आले, पेडवे आणि बांगडे वाळूत उड्या मारू लागले, आणि वाटे पडू लागले तेव्हा एका म्हाताऱ्या रापणकराने माझ्यासमोर चार बांगडे ठेवले. माडाच्या हिरात ओवून मी ते घरी नेले. काकीने ते वेगळे ठेवून तिरफळे घालून त्यांचे वेगळे कालवण केले आणि जेवताना सगळ्यांना सांगितले की हा हिचा वाटा आहे.

तरीही घरात मी पाहुणीच राहिले, आणि ते संपले तो दिवस मला नीट आठवतो. तिशी ओलांडल्यावर एकदा नोव्हेंबरात मी एकटीच गेले होते. ना सुट्टी, ना सण. नोकरीत काही बिनसले होते आणि चार दिवस कुठेतरी जावेसे वाटत होते. चाकरमान्यांनी नोव्हेंबरात गावी येण्याची रीत नाही, त्यामुळे काकीने माझ्याकडे एकदा रोखून पाहिले, पण विचारले काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती खाडीवरून आली, टोपली पडवीत उतरवली, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “आडाळो घे आणि बस.”

आडाळो म्हणजे आमच्याकडची लाकडी पाटाची विळी. तिसऱ्या आधी पाण्यात भिजत टाकलेल्या असतात, म्हणजे पोटातली रेती सोडतात. मग एकेक शिंपली हातात घेऊन तिच्या दोन पाखांच्या सांध्यापाशी विळीची धार टेकवायची. तिथे जोर लावून चालत नाही, शिंपली निसटते आणि बोट कापते. किंचित फिरवून धार आत शिरण्याची वाट पाहायची. ती शिरली की हाताला एक हलका ‘टक्’ जाणवतो. मग दोन्ही पाखांचे मांस एका पाखात गोळा करायचे, रिकामे पाख टाकून द्यायचे आणि आतले खारे पाणी भांड्यात निथळू द्यायचे, कारण सगळी चव त्या पाण्यात असते. एका शिंपीत मांस राहते म्हणून या पदार्थाचे नाव एकशिपी. पहिल्या तासाभरात माझ्या वीस-पंचवीस झाल्या असतील आणि दोन बोटे कापली. काकीने तेवढ्या वेळात उरलेली टोपली संपवली. तिने बोटांना हळद लावली, पण काम काढून घेतले नाही. संध्याकाळी वाटण वाटता वाटता मीच तिला नोकरीचे सगळे सांगितले.

गणपतीत मात्र कोणाला कोणाचे काही सांगायला वेळ नसतो. एरवी तीन माणसांचे घर तेव्हा तेवीस माणसांचे होते. आजी सांगायची की तिच्या काळी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे, देवगडच्या बंदराबाहेर बोट उभी राहायची आणि हलत्या पडावात मुलांना हातोहात उतरवून घ्यायचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. त्या वर्षानंतर आजी बोटीत पाऊल ठेवताना समुद्राला हात जोडत असे. मग एसटी आली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून आम्ही कणकवलीला उतरून पुढे जातो. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे, पण गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात ते तसेच आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुरुषमंडळी रानात जाऊन माटवीचे सामान आणतात. कवंडळे, कांगले, हरणे, तेरडा, आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, काकडी, नारळ, असे सगळे गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला बांधतात. घरात त्या ओल्या पाल्याचा वास पाच दिवस राहतो. रात्री भजनाच्या मंडळ्या घरोघरी फिरतात आणि वाटाण्याची उसळ कितीही केली तरी कमी पडते. विसर्जन आमच्याकडे गौरीबरोबर असते, बहुधा अष्टमी-नवमीच्या आसपास. मूर्ती पाण्यात न्यायची तर पाणी भरलेले हवे, आणि त्या तिथींना भरती सहा-पावणेसातला, म्हणजे नेमकी सूर्यास्ताच्या वेळेला येते. आबा हे दर वर्षी नव्याने सांगत आणि दर वर्षी त्यांना त्यात तेवढाच आनंद होई. अडचण एकच, की ते दिवस भांगाचे असतात. पाणी वाडीजवळ येत नाही, त्यामुळे गणपती डोक्यावर घेऊन ओल्या वाळूतून बरेच लांब चालावे लागते, आणि परत येताना मोकळ्या पाटावरची मूठभर वाळू घरी आणायची असते.

निघायच्या दिवशी आबा देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालीत. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा कामधंद्याक मुंबैक चलली हत. तेंका वाटेत खंय इडा-पिडा येवक देव नको. तेंच्या हाताक यश दी, आणि पुढल्या वर्साक अशीच तुझ्या पायाकडे घेवन ये रे म्हाराजा.” आणि आम्ही सगळे एका आवाजात “व्हय म्हाराजा!” म्हणत असू. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाची अडचण त्यात येई. कोणाची परीक्षा, कोणाचे लग्न जमायचे राहिलेले, कोणाचे दुखणे. नोव्हेंबरात मी काकीला जे सांगितले होते, ते पुढच्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात माझे नाव न घेता आले होते.

२०२० साली गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना आधी विलगीकरणात राहावे लागले. मी आणि माझा भाऊ ज्या शाळेत आबा पाऊणकी शिकले, त्याच शाळेच्या एका वर्गात राहिलो. घर तिथून हाकेच्या अंतरावर. काकी दोन वेळा येई, पेजेचा डबा शाळेच्या गडग्यावर ठेवी, चार पावले मागे जाऊन उभी राही आणि आमचे खाऊन होईपर्यंत हलत नसे. तोंडाला पदर लावलेला असे, त्यामुळे बोलणे फार होत नसे. गावात काहींना आमचे येणे नको होते आणि त्यांची भीती खोटी नव्हती. मला त्याचा राग आला नाही, पण आयुष्यात पहिल्यांदाच थांब्यावर “रवतलंस मा?” असे कोणी विचारले नाही, आणि ते मला अजून विसरता आलेले नाही. रात्री वर्गाच्या खिडकीतून गाज ऐकू येई. झोप लागत नसे तेव्हा मी तिथी आठवून पाणी कुठवर आले असेल ते मोजत पडून राही.

पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. सकाळी एकदा आबांशी फोनवर बोलणे झाले, वाऱ्याच्या आवाजात त्यांचे अर्धे शब्द ऐकू आले नाहीत, आणि मग फोन लागेना. मुंबईच्या खिडकीशी बसून मी काय करू शकत होते? अक्षय्य तृतीया दोनच दिवसांपूर्वी झाली होती, पण तृतीया तेव्हा दोन दिवस होती, म्हणजे आज चतुर्थी. चार पाऊण तीन. तीन वाजता पाणी भरणार होते आणि वारा त्याला आत लोटणार होता. पण चतुर्थी म्हणजे उधाण ओसरू लागलेले, म्हणजे अमावास्येला आले असते तितके पाणी येणार नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. तीन वाजले, चार वाजले, सहा वाजले तेव्हा ओहोटी सुरू झाली असणार म्हणून मी उठून दिवा लावला. चौथ्या दिवशी चुलतभावाने सड्यावर जाऊन फोन केला. अकरा माड आणि दोन कलमे पडली होती, पडवीचे नळे उडाले होते, वीज यायला अजून बरेच दिवस लागणार होते, माणसे सुखरूप होती. पाणी गडग्याच्या आत आले नव्हते.

आबा त्यानंतर दीड वर्षाने गेले. आता गाऱ्हाणे चुलतभाऊ घालतो. तो आबांइतके लांबवत नाही, पण नावे सगळी घेतो. काकी सत्तरी ओलांडून बरीच पुढे गेली आहे आणि तिला कोणी कितीही सांगितले तरी पाणी सुकले की ती खाडीवर जाते. “पाणी सुकला, मी जातंय,” एवढे सुनेला सांगून ती निघते आणि मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जाते, कारण एकदा तो चिखलात पडला होता. त्यामुळे ओहोटीला फोन करून उपयोग नसतो. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहते, पाऊणपट करते आणि पाणी भरलेले असेल तेव्हा फोन लावते. एकदा कार्यालयात, सगळ्यांची कामे चाललेली असताना, सव्वाअकराला उठून मी जिन्यात गेले. पौर्णिमा होती.

“पाणी गडग्याक लागला,” ती म्हणाली. पडवीतच बसली असावी, मागे गाज स्पष्ट ऐकू येत होती. मग नेहमीप्रमाणे तिने विचारले की कधी येणार.

रजा मंजूर झाली होती. तारीख ओठांवर आली होती, पण मी तिला तिथी सांगितली. द्वादशी. सकाळी कणकवलीला उतरेन, म्हणजे दुपारपर्यंत घरी.

पलीकडे क्षणभर शांतता झाली. काकी शाळेत गेलेली नाही, पण पाऊणकी तिलाही येते.

“नवाची भरती,” ती म्हणाली. “तीनाक पाणी सुकतला. आडाळो काढून ठेवतंय.”